मोटारीच्या जन्माची चिठ्ठी

किसनरावांच्या मोटारीत पांढऱ्या कोंबडीनं अंडं घातलं, याचं घरात कुणालाच नवल वाटलं नाही. मोटार दारात येऊन वीस दिवस झाले होते आणि एवढ्यात ती अंगणातल्या बाकीच्या सामानासारखीच होऊन गेली होती. टपावर मिरच्या वाळत होत्या, दाराखालच्या फळीवर लेकरं बसत होती. मागची गादी एका बाजूनं फाटलेली होती, तिथून कोंबडी आत शिरत असे. कौसल्याबाईंनी अंड्यासाठी त्या भोकात कोपरापर्यंत हात घातला, तेव्हा अंड्याबरोबर स्प्रिंगांत अडकलेला एक घडीचा कागदही बाहेर आला.

"ऐकलं का? तुमच्या मोटारीतून कागद निघाला."

किसनराव ओट्यावर दात कोरत बसले होते. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला, उन्हासमोर धरला. जाड, पिवळा पडलेला कागद, छापील चौकटी, त्यांत टंकलेली अक्षरं आणि प्रत्येक चौकटीपुढे शिसपेन्सिलीची खूण. सगळं इंग्रजी.

"चिठ्ठी हाय ही," किसनराव ठामपणे म्हणाले. ते कोणतीही गोष्ट ठामपणेच म्हणत.

बाभुळगावच्या बैलबाजारात त्यांचा शब्द चाले. त्यांनी बैलाच्या पाठीवर थाप मारून मान हलवली तरच मोठा सौदा व्हायचा. बाजाराचा कायदा त्यांना तोंडपाठ होता. प्रत्येक जनावराची चिठ्ठी असते, तिच्यावर रंग, शिंगं, वय, खूण लिहिलेली असते, आणि चिठ्ठी व जनावर जुळलं नाही तर ते चोरीचं. अशी दोन जनावरं त्यांनी स्वतः पकडून दिली होती. 'चाळीस वर्षांत लबाडीचं जनावर माह्या दावणीले बांधलं नाई' हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी बोलत, आणि सणावाराला तीनदा.

मोटारही त्यांनी बैलासारखीच पारखून आणली होती. यवतमाळचे सदाशिवराव वकील वकिली सोडून कळंबच्या वाटेवर शेती करू लागले होते. त्यांना बैल हवे होते आणि किसनरावांना मोटार हवी होती. किसनरावांनी बॉनेट उघडून आत पाहिलं, दारावर थाप मारली, चाकाला लाथ घातली, मग बाजाराच्या रिवाजानं रुमालाखाली बोटं धरून, खुणांनी दोघांनी सौदा केला. काळी मोटार त्यांची, आणि त्यांच्या गोठ्यातली काळी कुळकुळीत जोडी वकिलांची. एक पांढरा केस दाखवा, असं किसनरावांनी बजावून सांगितलं होतं.

कौसल्याबाई त्या दिवशी घरी नव्हत्या; परतल्यावर दोन दिवस जेवल्या नव्हत्या. "माह्या चांद्याले देऊन हे डबडं आनलं," असं त्या अजूनही भाकरी थापताना म्हणत.

कागद वाचायला बाबाराव मास्तरांना बोलावलं. नवीन शाळेत लागलेला तरुण माणूस, नागपूरला जाऊन शिकलेला, बोलणं हळू आणि तोलून. त्यांनी कागद गुडघ्यावर पसरला.

"किसनभाऊ, हा कारखान्याचा कागद हाय. मोटार जोडताना कोनता रंग लावाचा, कोनती गादी बसवाची, हे कामगाराले समजावं म्हनून. काम झाल्यावर कोनीतरी गादीतच विसरला."

"म्हंजे जन्माची चिठ्ठी?"

"तसं म्हना."

"वाचा. रंग?"

"हिरवा."

किसनरावांनी मोटारीकडे पाहिलं. मोटार काळी होती.

"गादी?"

"लाल कातडं."

गादी तपकिरी कापडाची होती.

"भोंगे?"

"दोन."

भोंगा एकच होता, आणि तोही मनात आलं तर वाजणारा. किसनराव हळूहळू उभे राहिले. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं, पण आवाज मात्र चढला.

"चोरीचं जनावर!"

"भाऊ, रंग मागून बदलला असन," मास्तर म्हणाले. "सरकारी पुस्तकात तं काळाच लिहेल हाय. या कागदावर नंबर हाय, इंजिनावरच्या नंबराशी ताडून पाहू."

"नंबर कोनीबी ठोकते, मास्तर. डाग देल्यासारखा. आन् एका जनावराच्या दोन चिठ्ठ्या, एक काळ्याची, एक हिरव्याची! मले शिकवता काय?"

मास्तरांनी कागदाची घडी घातली. किसनरावांना शिकवायचं नसतं, हे त्या गावात नवीन आलेल्या माणसालाही आठवड्यात कळत असे.

आता प्रश्न मोटारीचा नव्हता, किसनरावांच्या नावाचा होता. ज्यानं दुसऱ्यांची चोरीची जनावरं धरली, त्याच्याच अंगणात चोरीची मोटार वीस दिवस उभी! हे बाजारात आधी दुसऱ्या कुणी सांगितलं, तर उद्यापासून शेळी घेणाराही त्यांना विचारणार नाही. तेव्हा आपणच आधी सांगायचं. मोटार सरळ बाभुळगावच्या कोंडवाड्यात नेऊन घालायची, म्हणजे आपण हात झटकून मोकळे. त्या दिवशी बाजारही होता, हे त्यांना फारच सोयीचं वाटलं.

"मंग चालवा मोटार," कौसल्याबाई म्हणाल्या. "मीबी येतो."

"चालवू? चोरीच्या जनावराले कोनी जुंपते काय?"

शेजाऱ्याची बैलजोडी मागून आणली आणि मोटारीला दोर बांधला. किसनराव पुढे पायी, बैल मागे, त्यामागे मोटार. मोटारीत गोल चाक धरून मास्तर आणि मागच्या गादीवर कौसल्याबाई. कोंबडीही आतच राहिली होती, हे वाटेत कळलं. दोन कोसांच्या रस्त्यात जो भेटे तो विचारी, "काय झालं भाऊ, बिघडली काय?" आणि किसनराव प्रत्येकाला थांबून, छाती काढून सांगत, "बिघडली नाई. चोरीची हाय. म्याच पकडली." बाभुळगावात पोचेपर्यंत अर्धा बाजार मागून चालू लागला होता.

कोंडवाड्याचा कारकून डोमाजी चहा पीत होता. त्यानं फाटकातून मोटार पाहिली आणि कप खाली ठेवला.

"हे काय हाय?"

"मोटार. घे आत."

"भाऊ, हितं सुटलेली जनावरं घेतेत. वहीत खाने हाय. बैल, म्हैस, घोडं, गाढव, शेळी. मोटार कोनत्या खान्यात लिहू?"

"घोड्याच्या लिही."

"आन् रोजचा चारा?"

"ते खात नाई."

"म्हंजे उपाशी ठेवू? उद्या कोनी तक्रार केली तं?" डोमाजी नियमांचा माणूस होता. बरीच हुज्जत झाली. शेवटी त्यानं मोटार फाटकाच्या अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवायला परवानगी दिली, आणि घोड्याच्या खान्यात 'एक, काळी, मालकाच्या मते हिरवी' अशी नोंद केली.

सदाशिवराव वकिलांना निरोप धाडावा लागला नाही. ते बाजाराला आलेच होते आणि त्यांच्यावर चोरीचा आळ आल्याची बातमी त्यांना भाजीच्या दुकानातच समजली. ते तडक आपली बैलांची दमणी हाकत कोंडवाड्यापाशी आले. दमणीला तीच काळी जोडी होती.

"किसनराव! मी चोर? बत्तीस वर्षं मी कोर्टात काढली आहेत!"

"चोरबी तिथंच असतेत," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"राजूरच्या कोळशाच्या खाणीवरच्या साहेबाकडून मी ही गाडी रीतसर घेतली. पुस्तक दाखवू?"

"पुस्तक काळ्याचं हाय, जन्माची चिठ्ठी हिरव्याची हाय!" किसनरावांनी कागद फडकवला. "माह्या डोळ्यातून जनावर सुटत नाई, वकीलसाहेब!"

आवाज इतके वाढले की बाजारातले बैल माना वळवून पाहू लागले. तेवढ्यात गर्दीत वाट झाली आणि भीमसिंग नाईक पुढे आले. तांड्याचे नाईक, पिकल्या मिशांचे. त्यांच्या बापदाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा मुलूख पालथा घातला होता, आणि जनावराच्या बाबतीत किसनराव ज्याच्यापुढे आवाज कमी करत असा तालुक्यात तो एकच माणूस होता.

"काहून भांडून राह्यले? पंच पायजे काय?"

"तुम्हीच सांगा, नाईक," दोघंही एकदमच म्हणाले.

"मग मले एक फडका द्या. घासलेटात भिजवून."

डोमाजीनं कंदिलातलं घासलेट ओतून फडका आणला. नाईकांनी तो हातात घेतला, पण मोटारीला लावला नाही. ते तिच्याभोवती एक चक्कर मारून सरळ मागे गेले.

"रंगवनारा मानूस आळशी असते," ते म्हणाले. "जे दिसते तेच रंगवते. शेपटीखाली कोन पाह्यते?"

त्यांनी मागचं झाकण वर केलं, आतलं फाटकं पोतं ओढलं. खाली पत्रा हिरवागार होता. गर्दीनं 'अरे!' म्हटलं. मग त्यांनी गादीच्या भोकात दोन बोटं घालून कापड उसवलं. आत लाल कातडं. कोंबडी ओरडत बाहेर पडली. पुढे बॉनेटखाली भोंग्याशेजारी दुसऱ्या भोंग्याची रिकामी जागा सापडली. बाबाराव मास्तरांनी काही न बोलता इंजिनावरची धूळ पुसली आणि नंबर मोठ्यानं वाचला. कागदावरचाच होता.

"चिठ्ठी याच जनावराची," नाईक म्हणाले. "चोरी नाई."

सदाशिवरावांनी कपाळाचा घाम टिपला. "मी तेच सांगत होतो! रंग मीच बदलला. काळा कोट घालून हिरव्या मोटारीतून कोर्टात जाणं बरं दिसेना. पुस्तकातही रीतसर बदल करून घेतला."

दुसरा कुणी असता तर इथेच सुटलो म्हणून घरी गेला असता. पण किसनराव हरल्यासारखे परत जाणारे नव्हते.

"म्हंजे रंगवलेलं जनावर!" ते गरजले. "सौदा करताना तोंडातून शब्द काढला काय? रंगवलेल्या जनावराचा सौदा मोडते, हा बाजाराचा कायदा हाय. हो का नाई, नाईक?"

"मोडते," नाईक म्हणाले.

"मंग मोडला! माही जोडी वापस द्या!"

हे ऐकलं आणि कौसल्याबाई मोटारीतून जवळजवळ उडीच मारून उतरल्या. वीस दिवसांचं दुःख त्यांच्या डोळ्यांत दाटलं होतं. त्या गर्दीतून धावत दमणीपाशी गेल्या.

"चांद्या! माह्या राजा रे!"

उजवीकडच्या बैलानं मान फिरवून त्यांच्या खांद्यावर तोंड घासलं. बायाबापड्यांचे डोळे भरून आले. भीमसिंग नाईक मात्र बैलाकडे टक लावून पाहत होते.

"वहिनी," ते मऊ आवाजात म्हणाले, "बैल तं कोळशावानी काळा. नाव चांद्या कसं?"

"कपाळावर चांद हाय ना त्याच्या! पांढरा, एवढा मोठा. जन्मला तवाच म्या नाव ठेवलं," असं म्हणत कौसल्याबाईंनी कपाळावरून हात फिरवला आणि थबकल्या. "अव माय! चांद कुठं गेला?"

सगळ्या गर्दीच्या नजरा किसनरावांकडे वळल्या. किसनराव एकाएकी मोटारीच्या चाकात काहीतरी शोधू लागले.

नाईकांनी घासलेटाचा फडका कौसल्याबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो चांद्याच्या कपाळावर दोनदा फिरवला. फडका काळा झाला आणि कपाळावर पांढरा स्वच्छ चांद उगवला.

"तरीच!" कौसल्याबाई नवऱ्याकडे वळल्या. "सौद्याच्या हप्त्यात चारी कंदिलाची काजळासाठी जमवलेली काजळी गेली कुठं, म्हनून मी उगाच कामाच्या पोरीले बोलत होती!"

वकिलांना हसावं की रागवावं हे समजेना. गर्दीला मात्र समजलं होतं. डोमाजी तर पोट धरून फाटकाला टेकला. नाईकांनी हात वर केला, तेव्हा कुठे आवाज थांबला.

"किसनभाऊ, बोला. सौदा मोडू? पन काहून मोडला ते बाजाराच्या वहीत लिहा लागन. दोघांचंबी."

किसनराव वर पाहून म्हणाले, "कायले मोडता, नाईक? मोटार तं चांगली हाय."

"बैलही चांगले आहेत," वकील घाईघाईनं म्हणाले.

"मग सौदा बराबर," नाईक म्हणाले आणि निघून गेले. मिशांखालून ते हसत होते, हे बाबाराव मास्तरांनी पाहिलं. मास्तर मात्र हसले नाहीत, कारण त्यांना त्याच मोटारीतून घरी जायचं होतं.

निघण्याआधी कौसल्याबाईंनी आपला निवाडा वेगळा दिला. दर चतुर्थीला कळंबच्या चिंतामणीला जायचं, आणि वाटेत वकिलांच्या शेतावर चांद्याला भाकरी चारायची. मोटार कशाला घेतली मग? किसनरावांनी एका शब्दानंही वाद घातला नाही. असं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच घडलं.

बाजारात हसणं दोन हप्ते चाललं, मग थंडावलं. तिसऱ्या बाजारी एक जण एक देखणा लाल गोऱ्हा घेऊन किसनरावांकडे आला. म्हणाला, "भाऊ, तुमच्याशिवाय पारखनार कोन?" किसनरावांची छाती पूर्वीसारखी फुगली. ते गोऱ्ह्याच्या भोवती फिरले, दात पाहिले, पाठीवर थाप मारली. मग चार पावलं मागे सरून, चिठ्ठीला हातही न लावता, त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"याचं नाव काय?"