दहा थरांचा केक आणि एका पानाचं पत्र

डॉ. एल्डन व्हिटकोम यांनी खोक्याचं झाकण उघडलं, आतला केक पाहिला, वर ठेवलेली चिठ्ठी वाचली, झाकण पुन्हा लावलं आणि खुर्चीसकट ते दोन हात मागे सरकले.

"मॅरियल, हे काय आहे?"

"केक आहे, डॉक्टर. आईनं पाठवलाय. दहा थरांचा. आमच्या बेटावर असाच करतात."

"केक आहे ते दिसतंय मला. चिठ्ठी वाचलीस का?"

मॅरियल पार्क्सनं चिठ्ठी वाचली नव्हती. चुलतभावानं सकाळी खोकं गाडीतून आणून हातात दिलं आणि तिनं ते तसंच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं. आता तिनं चिठ्ठी वाचली. 'डॉक्टरसाहेब, माझ्या मुलीसाठी पत्र लिहिताय, फार उपकार झाले. गोड मानून घ्या. मॅरियलची आई.'

आमची संस्था सरकारी. इथे हाताखालच्या माणसाकडून साहेबानं दहा डॉलरांच्या वरची भेट घ्यायची नाही, असा नियम आहे. दरवर्षी त्यावर दोन तासांचं व्याख्यान होतं आणि सगळे त्यात डुलक्या काढतात. एकटे व्हिटकोम वही घेऊन बसतात. एका विद्यार्थ्यानं त्यांना पेन दिलं, त्याची किंमत अकरा डॉलर निघाली, तर यांनी पेन ठेवून टोपण परत केलं. अशा माणसाला 'पत्राबद्दल' केक! आणि तोही पत्र जायच्या दिवशी.

त्या पत्रावर मॅरियलचं सगळं अडलं होतं. डॉक्टरकी शिकताना तिच्या डोक्यावर एक लाख नव्वद हजार डॉलरांचं कर्ज झालं होतं. सरकारी प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्यांचं असं कर्ज सरकार दरवर्षी थोडं थोडं फेडतं, तशी योजनाच आहे. तिचा अर्ज गेला होता, शिक्के बसले होते, राहिलं होतं ते साहेबांचं शिफारशीचं पत्र, आणि त्याची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती. पत्र गेलं नाही तर कर्ज फेडायला तिला बॉस्टनच्या एका कंपनीत जावं लागणार होतं; ती दुप्पट पगार द्यायला तयार होती. तिथे तिला चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांच्या औषधावर काम करायचं होतं. इथे ती माशी चावून होणाऱ्या निद्रारोगावर काम करत होती. हा रोग गरिबांना होतो, म्हणून त्यात कुठल्याच कंपनीला रस नाही. मॅरियलला मात्र दुसरं काही करायचंच नव्हतं. फक्त साहेबांना आपली गरज आहे की नाही, हे तिला चार वर्षांत कळलं नव्हतं. त्यांचं सर्वांत मोठं कौतुक म्हणजे 'ठीक'.

"तुम्ही खाऊ नका ना, डॉक्टर. मी परत नेते. पण पत्र तेवढं पाठवा."

"आता कसं पाठवू? केक आला आणि त्याच दिवशी पत्र गेलं, लोक काय म्हणतील? आधी ट्रास्कना विचारू."

ऑरिन ट्रास्क हे संस्थेचे आचारनियम अधिकारी. व्हिटकोमनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. एवढ्यात प्रयोगशाळेचा कारभार तीस वर्षं सांभाळणाऱ्या बर्नाडेट गेन्स आत आल्या आणि खोक्यात डोकावल्या.

"किंमत काय?" ट्रास्कनी विचारलं.

"घरचा आहे हो," मॅरियल म्हणाली.

"बाजारात केवढ्याला मिळतो?"

"पन्नास डॉलर," बर्नाडेट म्हणाल्या. "म्हणजे दहा थरांतले दोन डॉक्टरांना चालतील."

ट्रास्क खरोखरच विचार करत होते.

"थर वेगळे निघतात का?"

"नाही. मध्ये चॉकलेट आहे."

"मग नाही चालणार. मी स्वतः येऊन पाहतो, तीनला. तोवर पत्र पाठवू नका आणि केकला हात लावू नका."

फोन ठेवल्यावर मॅरियलनं डोक्याला हात लावला. बर्नाडेटनी तिला बाहेर ओढलं.

"रडू नको, बयो. त्या व्याख्यानात मी एकदाच जागी होते, पण कामाचं तेवढं ऐकलंय. एकट्याला दिलं तर ती भेट. सगळ्यांनी मिळून खाल्लं तर अल्पोपाहार. अल्पोपाहाराला नियम नाही."

"पण हात लावू नका म्हणालेत!"

"मी कुठे हात लावतेय? सुरी लावतेय."

बैठकीच्या खोलीत केक कापला गेला. आधी आमचा मजला आला, मग खालचा. उंदरांच्या विभागातली माणसं एरवी वर फिरकत नाहीत, तीही आली. अर्ध्या तासात खोक्यात पुठ्ठा उरला. बर्नाडेटनी एक तुकडा बशीत काढून व्हिटकोमांपुढे नेऊन ठेवला. ते त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी बशी परत पाठवली. गोडाची त्यांना भारी आवड, पण शिंची सचोटी आड आली.

ट्रास्क आले ते पावणेचारला. वाहन ठेवायला जागा मिळेना म्हणून त्यांनी आवाराला तीन फेऱ्या मारल्या होत्या आणि जेवणही हुकलं होतं. बर्नाडेटनी त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली आणि शेजारी ती बशी सरकवली. ट्रास्क वहीत तारीख लिहीत होते. त्यांनी न बघता चमचा उचलला. दुसऱ्या घासाला त्यांनी लिहिणं थांबवलं. चौथ्या घासाला बशी पुसली गेली.

"हं," ते तोंड टिपत म्हणाले. "आता तो केक दाखवा."

"कसा दाखवू?" बर्नाडेट म्हणाल्या. "शेवटचा तुकडा तुमच्या पोटात आहे."

ट्रास्कांचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या प्रकरणाची चौकशी करायला आलो, त्यातलाच ऐवज आपण खाल्ला! हे वर कळवायचं तर आधी स्वतःचंच नाव लिहावं लागणार. त्यांनी वही मिटली, पुन्हा उघडली आणि घसा खाकरला.

"एकूण किती जणांनी खाल्ला?"

"एकतीस. तुम्ही बत्तिसावे."

"आणि डॉ. व्हिटकोम?"

"एक कणही नाही."

"मग हा उघडउघड अल्पोपाहार आहे," ट्रास्क ठामपणे म्हणाले. "मी तसं लेखी देतो."

सव्वाचार वाजले होते. मॅरियल धावतच साहेबांच्या खोलीत गेली, मागोमाग बर्नाडेट. व्हिटकोम संगणकापुढे हात बांधून बसले होते.

"डॉक्टर, सुटला प्रश्न! पाठवा पत्र!"

ते हलले नाहीत.

"आता काय आणखी?" बर्नाडेटनी कमरेवर हात ठेवले.

"पत्र लिहून तीन आठवडे झाले," व्हिटकोम टेबलाकडे बघत म्हणाले. "पण ते अकरा पानांचं झालंय. त्यांना एकच पान चालतं. रोज कापायला बसतो. काय काढू? सगळंच खरं आहे."

मॅरियल त्यांच्याकडे बघतच राहिली. अकरा पानं! तिला वाटलं होतं, साहेब तिच्याबद्दल एक शब्द लिहितील, तोही 'ठीक'.

"तू बाहेर हो," बर्नाडेटनी तिला दाराकडे ढकललं. "अर्जदारानं पत्र बघायचं नसतं. आणि डॉक्टर, तुम्ही उठा त्या खुर्चीवरून."

दार लागलं. मॅरियल बाहेर बाकावर बसली. ट्रास्क आपला लेखी निर्णय घेऊन आले होते, तेही शेजारी टेकले. आतून झटापटीचे आवाज येत होते. "ते वाक्य काढू नका!" "तेच तर काढायला हवं!" "अहो, निदान माशीचा प्रयोग ठेवा!" मॅरियलची नजर घड्याळावरून हलत नव्हती. साडेचार झाले, पावणेपाच झाले. पाचला चार मिनिटं कमी असताना बर्नाडेटची आरोळी आली, "गेलं! पोचल्याचंही आलं!"

मॅरियलनं श्वास सोडला.

"उरलेली दहा पानं फाडून टाका," आतून व्हिटकोमांचा आवाज आला.

"वाचल्याशिवाय कशी फाडू?" असं म्हणून बर्नाडेटनी खणखणीत सुरुवात केली. "'दुसऱ्या वर्षी डॉ. पार्क्स यांनी माझ्या गणितातली चूक दाखवली. त्या वेळी मी रागावलो होतो. त्यांचं बरोबर होतं. मी त्यांना ठीक एवढंच म्हणालो, याची मला आजही लाज वाटते. या प्रयोगशाळेत त्या नसतील तर...'"

मॅरियलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मग तिला शेजारी कोण बसलंय त्याचं भान आलं आणि ती गडबडीनं उठली.

"मी जाते, साहेब. मी हे ऐकायचं नसतं."

"बसा," ट्रास्क म्हणाले. त्यांनी थोडा विचार केला. "जे पाठवलं ते पत्र. ते गोपनीय. जे पाठवलंच नाही, ते पत्र नव्हे. ते नुसते कागद. त्याला नियम नाही."

असं म्हणून ते उठले आणि त्यांनी दारावर टकटक केली.

"जरा मोठ्यानं वाचा हो. इथे नीट ऐकू येत नाही."