यमूआत्याची करवंटी

एका जंगलात, जिथे अजून रस्ता पोचला नव्हता पण कचेरी पोचली होती, यमू नावाची एक चिचुंद्री राहत होती. दचकू नका, मुलांनो. या गोष्टीत कुणी कुणाला खात नाही. खाईल असं वाटतं फक्त.

यमूचा दादा नदीपलीकडे राहायचा. त्याला मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानेच. आणि आत्या तर एकच, तीही नदीच्या अलीकडे. मध्ये दुथडी भरलेलं पाणी.

यमूने मग स्वतःच वाहन बनवलं. नारळाची अर्धी करवंटी, बसायला शेवाळाची गादी, धरायला वाकडी काटकी आणि मागे वेलीने बांधलेला गंपू बेडूक. गंपूने लाथा मारल्या की करवंटी सुसाट पळणार होती.

"झालं की! चल, निघू," गंपू म्हणाला.

"अरे, पण नोंदणी? कुणी अडवलं म्हणजे?"

तुम्ही हसाल. मला मात्र यमूचं अगदी पटतं.

दोघं करवंटी घेऊन जलवाहन नोंदणी कचेरीत गेली. तिथे बगळेसाहेब एका पायावर उभे राहून काम करत. दुसरा पाय कायम रजेवर.

"वाहन कोणत्या कंपनीचं?"

"घरीच केलंय, साहेब."

"तक्त्यात 'घरी' नाही. करवंटी मूळची कुणाची?"

"नारळाची."

"मग नारळाचा ना-हरकत दाखला आणा. इंजिन नंबर?"

यमूने घाईघाईने जांभळाच्या रसाने गंपूच्या पाठीवर चारचा आकडा काढला. गंपूला गुदगुल्या झाल्या. तो खुदकन हसला.

साहेबांनी मिटलेला डोळा उघडला. "इंजिन ताजं दिसतंय. जवळून तपासावं लागेल." आणि त्यांनी आवंढा गिळला.

गंपू टुणकन करवंटीखाली.

"इंजिन सीलबंद आहे, साहेब!" यमू किंचाळली.

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. "बरं. मग पाण्यावर चालवून दाखवा."

"आत्ता दाखवते!"

"थांबा! नोंदणीशिवाय पाण्यात उतरवलंत तर जप्त करीन."

"मग नोंदणी करा ना."

"पाण्यावर चालवून न बघता? भलतंच!"

यात अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी यमू कचेरीच्या दारातच हमसून हमसून रडायला लागली.

बगळेसाहेब तसे मनाने वाईट नव्हते. तेही कुणाचे तरी मामा होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते मान खाली घालून कुजबुजले, "बाई, हे वाहन आहे असं म्हणताच कशाला? वाहून चाललेला कचरा म्हणा. कचऱ्याला नोंदणी लागत नाही."

"आणि मी?"

"तुम्ही बुडताय. बुडणाऱ्याला परवाना लागत नाही. फक्त 'वाचवा, वाचवा' ओरडत राहा. गप्प बसलात तर प्रवासी ठराल."

"अगंबाई! आणि खरंच कुणी वाचवायला आलं तर?"

"कोण येतंय? बचाव-होडीची नोंदणी नऊ वर्षं माझ्याच टेबलावर आहे."

यमू निघाली. गंपूने लाथा मारल्या, करवंटी सुसाट सुटली, आणि यमू घसा फाटेस्तोवर ओरडत राहिली, "वाचवा! वाचवा!"

काठावरची म्हैस कौतुकाने म्हणाली, "बघा, किती नियमाने बुडतेय पोर!"

पलीकडे पाळणा सजला होता. वहिनी दारातच म्हणाली, "आलात का, वन्सं! किती तो उशीर! सांगा बघू पटकन नाव."

दादाने नाव ठरवलं होतं पराक्रम. यमू पाळण्यात वाकली. "कुर्र" म्हणाली. आणि मग सबंध नदीभर जे तोंडात बसलं होतं तेच बाहेर पडलं.

"वाचवा!"

आत्याने एकदा कानात सांगितलं ते नाव पक्कं. दादाने कपाळावर हात मारला. नाव बदलता येतं, नाही असं नाही. पण त्याची कचेरी नदीपलीकडे, बगळेसाहेबांच्या शेजारी.

म्हणून त्या काठावर रोज संध्याकाळी वहिनीची हाक ऐकू येते, "वाचवा! ए वाचवा! जेवायला ये रे!"

कुणीच येत नाही. वाचवासुद्धा नाही.

तात्पर्य: मुलांनो, तरंगायला परवाना लागतो, बुडायला लागत नाही. तेव्हा कुठेही वेळेवर पोचायचं असेल, तर पोहण्याच्या क्लासला जाऊ नका. आधी नीट बुडायला शिका.