आंघोळीआधी चौकशी

शिरोळचे मामा वारल्याची तार आली, तरी आमच्या अण्णा मास्तरांनी सुतकाची आंघोळ केली नाही. "बघितलं कुणी?" म्हणाले, छत्री उचलली आणि चालत शिरोळ गाठलं. मामा खरोखरच गेले होते. मास्तरांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून खात्री करून घेतली, मगच नदीवर गेले. मामीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं ते कायमचं.

आमच्या संस्थानात महाराजांकडून नवं काही काढायला बळ मिळे. आमच्या शाळेनं वर्तमानपत्रात लिहायला शिकवणारा वर्ग काढायचं ठरवलं. अभ्यासक्रम बेतायचं काम अण्णांच्या गळ्यात पडलं, हाताखाली मी. तो तपासायला पुण्याहून आणि मुंबईहून एकेक संपादक येणार होते. तसं पत्र आल्यापासून अण्णांचं जेवण तुटलं. कागद कितीदा फाडले, पण पहिला धडा दरवेळी तोच: 'बातमी जाऊन बघणे.'

"ह्यो धडा ऱ्हाईल न्हवं?" दिवसातून दहादा विचारायचे.

"राहील की, अण्णा."

"तुमी काय त्यांच्या मनात शिरून आलाय व्हय?"

पाहुणे आल्याचं शिपायानं सांगितलं, तेव्हाही आधी बाहेर जाऊन दोघांना डोळ्यांनी बघून आले. मी शिक्षकांच्या खोलीत त्यांची नक्कल करत असे, तिच्यात त्या दिवशी भर पडली.

पुण्याच्या संपादकांनी पहिल्याच धड्यावर तांबडी पेन्सिल ओढली. "मास्तर, लेखणी चालवायला शिकवा. पायपीट कशाला? बातमी हल्ली तारेनं येते." मुंबईकरांनी मान डोलावली.

अण्णा खुर्चीवरून उठले. आता हे भांडतात की काय, असं मला वाटलं. पण ते अगदी हळू बोलले.

"प्लेगात बायकोला गावाभाईरच्या छावणीत नेलतं. तिसऱ्या दिवशी पेपरातल्या यादीत तिचं नाव आलं. छापलंय म्हंजे खरंच, म्हणून मी डोक्यावरनं पाणी घेतलं. चार दिवसांनी तिचं लुगडं आणाय गेलतो. तिथली दाई म्हणाली, बाई आज पहाटं गेल्या की. रोज इचारायच्या, मास्तर आलं का."

एवढं बोलून ते बाहेर व्हरांड्यात गेले. अकरा वर्षं आम्ही एका बाकावर बसून डबा खाल्ला होता. बायको नाही, एवढंच मला ठाऊक होतं. माझी मलाच लाज वाटली.

पुण्याच्या संपादकांनी खोडरबर मागवलं. तांबडी रेघ काही नीट पुसली जाईना, तेव्हा त्यांनी तो धडा स्वतःच्या हातानं पुन्हा लिहिला आणि खाली दोघांनी सह्या केल्या. मी कागद घेऊन बाहेर आलो.

"अण्णा, धडा राहिला."

"बघितलं कुणी?" पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

मी कागद पुढं धरला. त्यांनी ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

"मामासाठी शिरोळपतूर चालत गेलो बगा," ते म्हणाले. "छावणी हितनं अर्ध्या तासावर हुती."