नरहरपंत चौकाची रीत शिकले, ती हकीकत

श्री. वाटसरूंचा सांभाळ करणारा जो ईश्वर, त्यास दंडवत करोन, जे घडले ते तैसेच लिहितो. शके १९४०, विलंबीनाम संवत्सर, चैत्रमासी नरहरपंत मुंगे, वय वर्षे सहासष्ट, जन्माचा गाव सोडोन राजधानीचे शहरी राहावयास आले. कारण ऐसे की, त्यांचे कुटुंब कुमुदिनीबाई यांची मूत्रपिंडे निकामी जाहली, आणि आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस करणे प्राप्त जाहले, आणि त्याचे यंत्र गावी नव्हते. पंतांनी आपली जुनी पांढरी मोटार बरोबर आणिली. गावी चाळीस वर्षे वाहन हाकिले, परंतु समोरून कोणी आले तर हात हलवोन आधी त्यास जाऊ द्यावे, इतुकाच रिवाज ठाऊक. राजधानीत इस्पितळाचे वाटेवर मोठा चौक. तेथे सिग्नल होता, परंतु त्यास कोणी मानीत नसे. जो आधी वाहनाचे नाक पुढे घाली, त्याची वाट. पंत पाळी पाहात उभे राहिले आणि पाळी आली नाही. मागील लोकांनी भोंगे वाजविले, कोणी "आजोबा, घरी बसा" म्हणोन गेला. ऐसे दोन वेळा घडले, आणि दोन्ही वेळा पोहोचेतो यंत्र दुसरियास लाविले होते, आणि बाई सुजलेले पाय घेऊन संध्याकाळपर्यंत बाकावर बसोन राहिल्या. पंतांस ते फार लागले.

मग शेजारी दौलत कांबळे म्हणोन रिक्षा चालवीत, त्यांजकडे जाऊन पंतांनी विद्या मागितली. दौलत एक सकाळ मोटारीत शेजारी बसले आणि म्हणाले, "काका, समोरच्याच्या डोळ्यात बघू नका. बघितलं की तुमचा पाय ब्रेकवर जातो." पंतांनी ते ध्यानी धरिले. आषाढापर्यंत हात बसला. नाक घालणे, भोंगा दाबोन धरणे, सर्व साधले, आणि बाई वेळेवर पोहोचू लागल्या. एके दिवशी त्या इतुकेच म्हणाल्या की, तुम्ही हल्ली कुणाकडे बघत नाही.

भाद्रपदमासी, सकाळचे प्रहरी, पंतांनी चौकात मोटार घातली आणि डावीकडून एक बाई स्कूटर घालीत आली, तीही थांबेना. मोटारीचा कोपरा लागोन ती पडली आणि उजवे मनगट मोडले. शकुंतला तिचे नाव, शिवणकाम करोन पोट भरीत असे. पंत स्टिअरिंग धरोन बसोन राहिले, आणि मागे भोंग्यांचा गजर जाहला, आणि वाहने दोहों बाजूंनी वळसा घालोन जाऊ लागली. पंतांचे मनी आले की आपणही निघावे, यंत्राची वेळ टळेल. तो कुमुदिनीबाई दार उघडोन उतरल्या, चालवत नव्हते तरी मोटारीस धरीत धरीत गेल्या, आणि रस्त्यात तिजपाशी बसोन फार दुखते काय म्हणोन पुसिले. पंत जवळ येऊन वेळेचे बोलिले. बाई म्हणाल्या, "माझं होईल तेव्हा होईल. आधी हिला गाडीत घ्या." मग तिजला हाडांचे दवाखान्यात नेले, आणि प्लास्टर होईतो बाई हलल्या नाहीत, आणि त्या दिवशी यंत्र चार तासांऐवजी दोनच तास मिळाले. पुढे छातीत पाणी भरले, पडत उठत दोन मास गेले, आणि कार्तिक वद्य पंचमीस कुमुदिनीबाई कैलासवासी जाहल्या. त्या दिवसामुळे गेल्या ऐसे डॉक्टर म्हणत नाहीत. पंत म्हणतात.

मार्गशीर्षी शकुंतला भेटीस आली. मनगट वाकडे जुळले होते, कात्री नीट धरवत नव्हती. पंतांनी हात जोडोन क्षमा मागितली. ती खाली बघत म्हणाली, "काका, मी पण थांबले नाही. गावाकडं थांबायचे. इथं येऊन दोन वर्षं झाली, शिकले." आणि मग म्हणाली, "दुखतंय का, असं इथं मला पहिल्यांदा त्यांनीच विचारलं." पंत चहा टाकितो म्हणोन आत गेले आणि गॅसपाशी रडत उभे राहिले, आणि दूध उतू गेले. तिने येऊन डाव्या हाताने गॅस बंद केला.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. त्या शहरी जो नवा येतो तो रीत शिकतो, नाहीतर पोहोचत नाही. कुमुदिनीबाई आठ मास तेथे राहिल्या आणि शिकल्या नाहीत. इतुके ठाऊक, ते लिहिले.