झोपाळ्याच्या कड्या कापिल्याची हकीगत

श्री लोखंड प्रसन्न, गंज क्षमस्व. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन शुद्ध पक्ष. धनीसाहेबांचे सेवेसी अनामिक सेवकाची विज्ञापना ऐसी जे, एका राज्यात, ज्याचे नाव सांगून त्याची आणखी शोभा करावी ऐसे नाही, तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या दौलतीवर हेरंबराजे राज्य करीत होते. राजे बुद्धीने बेताचे आणि आत्मविश्वासाने अफाट. त्यांचे श्वशुर आबासाहेब यांनी गावचे घर मोडिले, तेव्हा तेथील शिसवी झोपाळा कड्यांसुद्धा थोरल्या लेकीकडे पाठविला आणि सांगून धाडिले की, “दसऱ्यास सोने द्यायला येईन, तेव्हा यावरच बसेन. तोवर टांगता नाही आला तर धाकट्या जावयाकडे नेऊन टाकतो.” हा धाकटा जावई म्हणजे हेरंबराजांचे साडू. त्यांजपाशी स्वतःचे ड्रिल मशीन होते आणि ही वार्ता ते प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगत. सबब झोपाळा त्या घरी जाणे म्हणजे राज्य बुडणेच होते.

मग राजांनी झोपाळा आढ्याच्या हुकांस टांगिला आणि पाहतात तो फळी थेट फरशीवर येऊन बसली, कारण की कड्या जुन्या घराच्या उंच तुळईच्या मापाच्या. राजांनी हातभर लोखंड जास्त आहे ऐसा शोध लाविला आणि “कापा!” म्हणोन गर्जना केली, आणि कोणी हलले नाही, कारण की दरबारात दुसरे कोणी नव्हते. राणीसाहेब केतकीबाई भाजी निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, “मिस्त्रीला बोलवा ना.” राजे वदले, “मिस्त्री आला की साडूला कळणार.” बाई म्हणाल्या, “बरं, मग त्या कडीला खाली बघा, तिथे...” राजे वदले, “आधी हत्यार, मग बाकीचं!” ऐसे म्हणोन मोहिमेस निघाले.

प्रथम राजांनी विळी उचलिली, आणि विळीचे पाते वाकून तिला लोखंड तर सोडाच, पुढे दुधी भोपळाही जड जाऊ लागला. मग लाकडाची करवत चालविली, आणि करवतीचे दात पडिले व कडीवर ओरखडा उमटला, त्यास राजांनी ‘आरंभ’ ऐसे नाव दिले. मग शेजारचे गुळवे यांस प्रधानकी दिली. गुळवे यांची योग्यता इतकीच की मोबाईलवर व्हिडिओ पाहून ते मान डोलवीत. ते पत्रा कापायची कात्री घेऊन आले. राजे म्हणाले, “गुळवे, हा पत्रा आहे का?” गुळवे म्हणाले, “साहेब, जाड पत्राच समजायचा.” मग उभयतांनी दोन मुठींवर आपापला देह टाकिला, आणि कात्रीची मूठ तुटून प्रधान दिवाणावर जाऊन पडिले. मग कोठून ग्राइंडर आणिला. त्याची चक्री फिरताच ठिणग्यांचा ऐसा पाऊस पडिला की राजे स्वयंपाकघरात गेले आणि आतूनच विचारू लागले, “कापलं का?” प्रधान बाहेर बाल्कनीत होते. तेही तेच विचारीत होते.

शेवटी नवमीचे सकाळी गुळवे यांस आपल्याच मीटरच्या कपाटात लोखंड कापावयाचा हॅक्सॉ सापडला. राजांनी त्यास आलिंगन दिले, म्हणजे हॅक्सॉस. परंतु ते आंघोळीस जाऊन येतात तो खंडेनवमी असल्याकारणे बाईंनी घरातील यच्चयावत हत्यारे, वाकडी विळी, बोळकी करवत, राजांचा लॅपटॉप आणि मध्यभागी हॅक्सॉ ऐसे पाटावर मांडून हळदकुंकू वाहिले होते. राजे कासावीस होऊन म्हणाले, “अगं, नेमका तोच कशाला?” बाई म्हणाल्या, “या घरात चालणारं तेवढं एकच तर हत्यार आहे. आता उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. आणि ऐका, त्या कडीला...” राजे कानांवर हात ठेवून निघून गेले. तो दिवस संपूर्ण सैन्य, म्हणजे राजे व प्रधान, पाटासमोर बसून पूजेतल्या हॅक्सॉकडे पाहत राहिले.

दसऱ्यास उत्तरपूजा होताच राजांनी शस्त्र उचलिले, आणि खरेच सांगतो, ते योग्य हत्यार निघाले. लोखंड सुतासारखे कापत गेले. आबासाहेब जिना चढू लागले तोवर चारही कड्यांची हातभर टोके खाली पडिली, आणि मग राजांचे ध्यानात आले की फळी ज्यांत अडकते ते चारही आकडे त्या पडल्या टोकांतच गेले. वर चार बोडके गज लोंबत राहिले आणि खाली फळी पाटासारखी पडून राहिली. प्रधान म्हणाले, “साहेब, मी निघतो, घरी पाहुणे आहेत.” त्यांचे घरी कोणी नव्हते.

आबासाहेब आले. आपट्याची पाने हाती, नजर वर, मग खाली, मग हॅक्सॉवर, आणि हॅक्सॉवर अजून कुंकू. म्हणाले, “हेरंबराव, हे काय केलंत?” राजे म्हणाले, “हातभर जास्त होत्या, बाबा.” आबासाहेब पुढे झाले, आणि प्रत्येक कडीचा सर्वात खालचा गज, जो मुळात हातभराहून बोटभरच लांब व वरच्या गजाच्या आकड्यात नुसता अडकविलेला होता, त्याचे कापून उरलेले थोटूक दोन बोटांनी काढून ठेविले, आणि फळी वरच्या आकड्यांत अडकविली, आणि बसले, आणि उंची बरोबर आली. मग म्हणाले, “सांधे असतात हो कडीला. काढता येतात. केतकीला माहीत होतं की, लहानपणी तीच काढायची.” राजांनी बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, “मी सांगतच होते. पण इथे आधी हत्यार हवं होतं.”

येणेप्रमाणे झोपाळा राज्यात राहिला आणि साडू हात चोळीत बसले. राजांस आपट्याचे पान मिळाले आणि पाठोपाठ आज्ञाही मिळाली, “जावईबापू, तो हॅक्सॉ खाली ठेवा आणि एक झोका द्या.” राजांनी दिला. एवढ्या मोहिमेत राजांच्या हातून नीट जाहलेले ते एकच काम, आणि त्यास हत्यार लागले नाही. हे लेखन विनंती.