भागाबाईचं काळीज आणि टोकरावाची पेटी

एका जंगलात, जिथं दिवस उजाडला की नाही हे सूर्याकडे न बघता घड्याळात बघून ठरवायचे, तिथं भागाबाई नावाची हत्तीण राहायची. म्हातारी, पण धडधाकट. खोड एकच. तिचं काळीज अधूनमधून एखादा ठोका गिळायचं.

एरवी तिनं मनावर घेतलं नसतं. पण नदीपलीकडे तिची लेक तानी पहिलटकरीण होती, दिवस भरत आलेले. आईनं जायलाच हवं. मधे मोठा चढ, नदी, चार दिवसांची चाल. वाटेत काळीजच थांबलं तर? जावं की न जावं हे विचारायला भागाबाई टोकरावाकडे गेली.

टोकराव म्हणजे साळिंदर. जंगलातला सगळ्यात शिकलेला. त्यानं कॉम्प्युटरच्या पेटीत एक काळीज बनवलं होतं. रक्त नाही, मांस नाही, नुसते आकडे. तरी पडद्यावर ते धडधडायचं, बरं का.

टोकरावानं तिला समजावून सांगितलं. काळीज म्हणजे लाखो बारक्या खोल्या. शिकलेले त्यांना पेशी म्हणतात. विजेची ठिणगी आली की खोलीचं दार उघडतं आणि चिमूटभर कॅल्शियम आत येतं. ते बघून आतल्या कोठीतलं कॅल्शियमही भसकन बाहेर पडतं, खोली आकसते. मग सगळं झाडून पुन्हा कोठीत भरायचं. हा झाला एक ठोका. कोठी भलत्या वेळी गळली, तर ठोका चुकतो.

कॅल्शियम म्हणजे काय, असं भागाबाईनं विचारलं. पानाच्या चुन्यात असतं तेच, टोकराव म्हणाला.

"म्हणजे शेवटी चुनाच लावतोस की रे."

टोकरावाचे काटे उभे राहिले. पण त्यानं पेटी चालू केली.

पेटीतलं काळीज मिनिटाला दोनशे ठोके द्यायला लागलं. भागाबाईचे मोजले, ते भरले तीस. टोकरावानं वजाबाकी केली आणि तोंड पाडलं. बाई एक ठोका चुकतो म्हणून आली होती, इथं तर मिनिटाला एकशेसत्तर गायब. पेटीच्या मते ती गेल्या दसऱ्यालाच वारली होती.

आता गंमत ऐका. पेटीत आकडे होते सशाचे. हत्तीच्या काळजापर्यंत हात कुणाचा पोचणार? ससा हाताशी होता. शिवाय मोजताना त्याला घट्ट धरून ठेवलं होतं खुद्द टोकरावानं. साळिंदरानं मिठी मारल्यावर कुणाचं काळीज पळणार नाही?

प्रकरण सिंहमहाराजांच्या दरबारात गेलं. ससा दबकत म्हणाला की ते काळीज माझं आहे हो, आणि त्या दिवशी मला टोचत होतं. साक्षीदार भावनेच्या भरात बोलतोय, असं टोकरावानं लिहून घेतलं. हत्तीचे आकडे भरले तर, असं महाराजांनी विचारलं. भरता येतील, पण मग आधी पेटी चुकली होती असा अर्थ निघेल, टोकराव म्हणाला. हे महाराजांना पटलं. पेटीजवळ रंगीत आलेख होता. भागाबाईजवळ नुसतं काळीज.

हुकूम सुटला, भागाबाई मृत. सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली. भागाबाईही उभी राहिली, रीत म्हणून.

मग तिनं विचारलं, "महाराज, मेलेल्याला चढ चढायची मनाई आहे का?"

महाराजांनी कायद्याचं पुस्तक चाळलं. तसं कलम नव्हतं.

"आणि वाटेत मरायची भीती?"

"ती आता कशी राहील, भागाबाई?" टोकराव म्हणाला.

"बरं झालं. येते मी."

चौथ्या दिवशी ती तानीच्या दारात होती. वाटेत काळजानं तीन ठोके गिळले. तिनं तीनदा थांबून श्वास घेतला आणि पुन्हा चालू लागली. तानीला मुलगी झाली. नातीला पहिली आंघोळ भागाबाईनंच घातली, सोंडेनं, कोमट पाण्याची.

ही बातमी टोकरावाला कळली. तो जराही खजील झाला नाही. त्यानं लगेच निबंध लिहिला, 'मरणोत्तर गिर्यारोहण आणि बाळंतपण: एक नवा शोध'. महाराजांनी त्याला शाल पांघरवली. ती काट्यांत अडकली, अजून निघालेली नाही.

तात्पर्य: बाळांनो, आपण जिवंत आहोत की नाही हे आपल्या मनानं ठरवू नये, पेटीला विचारावं. पेटीनं मेलात म्हटलं तर वाद घालू नये. राहिलेली कामं उरकून घ्यावीत. एवढी सवड जिवंतपणी कुणाला मिळते?