लागलं का?

शेजारच्या घरात, दाराच्या अगदी आत, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर एक इसम संध्याकाळी घसरून पडला. सदर इसम म्हणजे मी. उजवा पाय घोट्यात मुरगळला आणि तोंडातून जो शब्द निघाला तो येथे नमूद करण्याजोगा नाही. उभा जन्म सरकारी कचेरीत टिपणं लिहिण्यात गेला, म्हणून पडण्याचीही रीतसर नोंद देतो आहे. तेवढं चालवून घ्या.

ते घर मास्तरांचं. मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, माझे शेजारी, आणि रोज संध्याकाळी बुद्धिबळात माझ्याकडून हरणारे गृहस्थ. त्यांच्या मते हे उलट आहे. मला फरशीवर बघून ते पटावरून ताडकन उठले, माझ्यावर वाकले आणि "अरे भाऊ, ला..." एवढंच म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या जावयानं त्यांच्या तोंडावर हात ठेवला. जावई नवा होता आणि वकील होता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नसाव्यात.

"बाबा, एक अक्षर बोलू नका," जावई म्हणाला. "'लागलं का' विचारलंत की संपलं. म्हणजे लागू शकतं हे तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक होतं तर काळजी घ्यायला हवी होती. घेतली नाही, म्हणजे निष्काळजीपणा. मग बसा भरपाई देत."

"अहो जावईबापू, पण तो पडलाय."

"पडलाय असंही म्हणू नका. ते आडवे आहेत, एवढंच आपल्याला दिसतंय."

वहिनी पाणी घेऊन आल्या, तर जावयानं तो तांब्या वाटेतच अडवला. पाणी देणं म्हणजे उपचार आणि उपचार म्हणजे कबुली. मी भिंत धरून उठलो आणि लंगडत माझ्या घरी आलो. मागे वळून पाहिलं तेव्हा मास्तर दारात उभे होते आणि त्यांचं तोंड अजून "ला"वरच उघडं होतं.

घरी माझा मेहुणा येऊन बसला होता. तो विमा विकतो. त्यानं पाय पाहिला आणि त्याचे डोळे चमकले.

"दाजी, मास्तरांनी कसं आहे विचारलं तर चुकूनही 'बरं आहे' म्हणू नका. बरं म्हटलंत की हक्क गेला."

"कसला हक्क?"

"ते नंतर ठरवू. आधी शाबूत ठेवू."

"अरे, पण मला काही मागायचंच नाहीये."

"तसंही म्हणू नका," मेहुणा म्हणाला.

अशा रीतीनं त्यांनी विचारायचं नाही आणि मी सांगायचं नाही, हे कायम झालं. जिन्यात मास्तर भेटले. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज हवा बरी आहे." मी म्हणालो, "हवेबाबत मी माझं मत राखून ठेवतो."

प्रकरण सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर गेलं. त्यांनी विचार केला, हे आज फरशीचं झालं, उद्या जिन्याचं होईल. म्हणून त्यांनी इमारतीपुरती विचारपूस नियमित केली. यापुढे फक्त असं म्हणायचं: "आपल्या प्रकृतीबाबत, कोणतीही जबाबदारी न स्वीकारता, चौकशी करण्यात येत आहे." उत्तर असं: "चौकशी, हक्क अबाधित ठेवून, पोचली." वरच्या मजल्यावरच्या आजींना हे एका दमात म्हणता येईना, त्यांना खोकला होता. मग त्यांना कुणी विचारणंच सोडून दिलं. अंगणात एक पोर पडून गुडघा फुटला, तर त्याच्या सख्ख्या आईनं आधी सेक्रेटरींच्या खिडकीकडे पाहिलं आणि मग फुंकर घातली. "फुंकर घाल, पण काही बोलू नकोस," असं तिच्या नवऱ्यानं गॅलरीतून बजावलं.

माझ्या पायाची सूज उतरली. मनातली उतरेना. खरं सांगतो, मला भरपाई नको होती. मास्तरांनी एकदा विचारावं, बस्स. संध्याकाळी भिंतीपलीकडून ते एकटेच मोहरे मांडत असल्याचा आवाज यायचा आणि माझा जीव तुटायचा.

अखेर जावई आणि मेहुणा सेक्रेटरींच्या खोलीत वाटाघाटीला बसले. त्या दोघांचं फार छान जमलं. तडजोड अशी निघाली: दोष कुणाचाच नाही, मागणी कसलीच नाही, बुद्धिबळ पूर्ववत सुरू. अट एकच. दोन्ही पक्षांनी शब्दानं अथवा खुणेनं त्या पायाचा उल्लेख हयातीत करायचा नाही. आम्ही दोघांनी सह्या केल्या. "शेवटी माणसं जोडलेली राहिली पाहिजेत," असं मेहुणा म्हणाला आणि जावयानं मान डोलावली.

त्याच संध्याकाळी मी मास्तरांकडे गेलो. दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत घरातल्या झाडून सगळ्या सतरंज्या, गोधड्या आणि जुनी लुगडी अंथरली होती. फरशी औषधालासुद्धा दिसत नव्हती.

"बाबा, हे काय?" जावयानं संशयानं विचारलं.

"वाळत घातलंय," मास्तर म्हणाले.

आम्ही पट मांडला. थोड्या वेळानं मास्तरांनी आपला वजीर उचलला आणि सरळ माझ्या घोड्याच्या तोंडी आणून ठेवला. हा माणूस प्यादंसुद्धा फुकट देत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. मी घोड्याला हात लावला नाही, कोपऱ्यातलं एक प्यादं पुढे सरकवलं. मास्तरांनी हळूच श्वास सोडला. जावई शेजारीच उभा होता, पण त्याला बुद्धिबळ येत नाही.

आता तुमच्याविषयी. मी पडलो तो पहिल्याच वाक्यात, तुमच्या डोळ्यांदेखत. घोटा मुरगळल्याचंही लगेच सांगितलं. तुम्ही सगळं शेवटपर्यंत वाचलंत, मध्ये कुठे कुठे हसलातही. पण लागलं का, हे काही विचारलं नाहीत. हरकत नाही. तुमचाही जावई वकील असेल.